आनंदीबाईंच्या बॅचचं गेट-टुगेदर

डॉक्टरकीची डिग्री हातात पडली, पुढं काय झालं? करिअर कसं गेलं, घर कसं चाललं? सुमारे १४० वर्षांपूर्वीच्या मेडिकल कॉलेजच्या मुलींची ही ख्यालीखुशाली. यातला एक धागा तर थेट आपल्या केडगावात येऊन पोचतो!

दिवाळीची सुट्टी लागली की व्हॉट्सअॅपवर एक मेसेज हमखास येतो. ‘बारावी सायन्सची बॅच, गेट-टुगेदर, कोण कोण येतंय?’ मग शिरूरच्या किंवा दौंडच्या एखाद्या हॉटेलात सगळे जमतात. पहिली दहा मिनिटं सेल्फी, नंतर प्रश्नांची फैर. हल्ली कुठं असतेस? काय चाललंय? घरी कसे आहेत सगळे? मेडिकलला गेलेल्यांना तर वेगळंच प्रश्नपत्रक असतं. पीजी कधी? स्वतःचं हॉस्पिटल कुठं टाकणार? आणि समोर मुलगी असेल तर कंपलसरी प्रश्न, लग्नाचं काय?

माझ्या बारावीच्या वर्गातल्या दोघी सध्या इंटर्नशिप करताहेत. आम्ही बाकीचे त्यांना घरच्यांच्या ब्लड रिपोर्टचे फोटो पाठवतो आणि रात्री अकराला ‘जागी आहेस का?’ असं विचारतो. त्या जाग्याच असतात, कारण ड्युटी असते. सहा महिन्यांपूर्वी ठरलेलं गेट-टुगेदर त्यांच्या ड्युटीपायी दोनदा पुढं गेलं. तेव्हा डोक्यात आलं की आपल्याकडच्या मुली मेडिकलला जायला लागल्या त्या पहिल्या पिढीचं गेट-टुगेदर भरलं असतं, तर तिथं काय गप्पा झाल्या असत्या? हेच प्रश्न त्यांना विचारले, तर उत्तरं काय आली असती?

चला, भरवूया. पाहुण्या खऱ्या आहेत, तारखाही खऱ्या.

तीन देश, एक फोटो

एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो तुम्ही सोशल मीडियावर नक्की पाहिला असेल. तीन तरुणी, तिघींचे आपापल्या देशाचे कपडे. एकीच्या अंगावर साडी, दुसरीचा किमोनो, तिसरीचा सीरियातला पारंपरिक पोशाख. १० ऑक्टोबर १८८५ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फियाला हा फोटो काढला गेला. कॉलेजचं नाव विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया. १८५० साली सुरू झालेलं हे कॉलेज खास मुलींना डॉक्टर करण्यासाठी काढलेलं होतं.

साडीतल्या त्या आपल्या आनंदीबाई जोशी. किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि तिसऱ्या दमास्कसच्या साबात इस्लामबुली. आनंदीबाई १८८६ च्या बॅचच्या, ओकामी १८८९ च्या, इस्लामबुली १८९० च्या. म्हणजे सिनियर-ज्युनियरचा ग्रुप म्हणा.

फोटो सगळे शेअर करतात. ‘प्राउड मोमेंट’ वगैरे कॅप्शन असते. पण पुढं या तिघींचं काय झालं, हे कॅप्शनमध्ये नसतं.

‘जॉइन कधी होतेस?’

आनंदीबाईंची गोष्ट आपल्याला पाठ असते. श्री. ज. जोशींची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी आहे, २०१९ चा सिनेमा आहे. नवव्या वर्षी लग्न, नवरा गोपाळराव वीस वर्षांनी मोठे आणि पोस्टात नोकरीला. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वेळेवर औषधोपचार मिळाले असते तर, हा प्रश्न त्यांच्या मनात तिथंच रुजला. फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधल्या सेरामपूरला जमलेल्या लोकांपुढं त्यांनी आपण अमेरिकेला का जातोय, हे इंग्रजीत भाषण करून सांगितलं. एप्रिलमध्ये कोलकात्याहून बोटीत बसल्या. नवरा सोबत नव्हता. वय अठरा.

११ मार्च १८८६ रोजी डिग्री मिळाली. प्रबंधाचा विषय होता हिंदू समाजातलं प्रसूतिशास्त्र. दहा दिवसांचं बाळ गमावलेली आई दुसऱ्या कुठल्या विषयाकडं वळणार?

आता गेट-टुगेदरचा पहिला प्रश्न. जॉइन कुठं झालीस? उत्तर तयार होतं. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये बायकांच्या विभागाची जबाबदारी. आजच्या भाषेत सांगायचं तर ऑफर लेटर हातात होतं. पण अमेरिकेतच क्षयाने गाठलं होतं. १८८६ च्या शेवटी त्या परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. बाविसावा वाढदिवस महिन्याभरावर आला होता.

मी आत्ता बावीस वर्षांची आहे. त्यामुळं हा आकडा लिहिताना हात जरा थांबतो. डिग्री ते मृत्यू यात एक वर्षही पूर्ण झालं नाही. ज्या कामासाठी सगळा आटापिटा केला, ते काम आनंदीबाईंना एक दिवसही करता आलं नाही. त्यांच्या अस्थी अमेरिकेत त्यांना लेकीसारखं सांभाळणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडं पाठवल्या गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी गावी त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या.

मग आपण ‘सक्सेसफुल अॅल्युम्नी’ कुणाला म्हणायचं? पोस्टिंगच्या रकान्यात आनंदीबाईंची जागा कोरीच राहते. तरी पुढच्या कितीतरी मुलींच्या आईबापांना ‘बाईमाणूस डॉक्टर होऊ शकतं’ हे पटवायला एवढं एक नाव पुरलं.

‘घरचे काय म्हणाले?’

याच १८८६ साली इकडं कोलकात्यात आणखी एक मुलगी डॉक्टर झाली. कादंबिनी गांगुली, कलकत्ता मेडिकल कॉलेज. तिथं मुलींना घ्यायला तयार नव्हते. प्रवेश मिळवण्यासाठी जे भांडले, त्यांत द्वारकानाथ गांगुली पुढं होते. १८८३ साली कादंबिनींनी त्यांच्याशीच लग्न केलं आणि लग्नानंतर मेडिकलला गेल्या. ‘आधी शिक्षण की आधी लग्न’ या आपल्याकडच्या सनातन वादाला त्यांनी दिलेलं उत्तर हे असं होतं.

पुढं प्रॅक्टिस आणि आठ मुलांचं घर, दोन्ही. १८९३ मध्ये घर मागं ठेवून स्कॉटलंडला जाऊन आणखी डिप्लोमा घेऊन आल्या. कारण इथली डिग्री असूनही बाई म्हणून त्यांना दुय्यम वागणूक मिळत होती. रात्री-अपरात्री पेशंट बघायला जाणारी बाई म्हणजे चालू चारित्र्याची, असं ‘बंगबासी’ नावाच्या नियतकालिकानं आडून छापलं. आज कमेंट बॉक्समध्ये जे चालतं, ते तेव्हा छापून यायचं एवढाच फरक! गांगुली नवरा-बायको गप्प बसले नाहीत, कोर्टात गेले आणि संपादकाला सहा महिन्यांची कैद झाली. कादंबिनी १९२३ मध्ये गेल्या. त्या दिवशीसुद्धा त्या कामावर जाऊन आल्या होत्या, असं सांगतात.

आता दुसरं टोक बघा. डॉ. रखमाबाई आपल्या मुंबईच्या. अकराव्या वर्षी लग्न झालेलं, पण मोठं झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडं नांदायला जायला नकार दिला. नवरा कोर्टात गेला. मार्च १८८७ मध्ये निकाल लागला, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. आनंदीबाई जाऊन जेमतेम आठवडा झाला होता. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. पुढं पैसे देऊन तडजोड झाली. त्या लंडनला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि मग सुरत, राजकोट इथल्या बायकांच्या दवाखान्यांत मिळून तीसहून अधिक वर्षं काम केलं. पुन्हा लग्न केलं नाही. ९० वर्षं जगल्या, १९५५ मध्ये गेल्या.

तीन बायका, तीन घरं. आनंदीबाईंचा नवरा शिकवण्यासाठी हट्टाला पेटलेला, इतका की त्या हट्टाचा जाचही झाला. कादंबिनींचा नवरा बरोबरीनं उभा राहिलेला. रखमाबाईंना नवरा नकोच होता, पण आई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन पाठीशी होते. मार्क तिघींचेही स्वतःचे. पण त्या मार्कांचं करिअर होणार की नाही, यात घरात पाठीशी कोण उभं आहे याचा वाटा फार मोठा होता.

‘एवढी चांगली नोकरी का सोडलीस?’

हा प्रश्न केई ओकामींना. पाश्चात्त्य विद्यापीठातून वैद्यकीची पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या जपानी बाई. टोकियोला परतल्यावर जिकेई हॉस्पिटलमध्ये नोकरीही मिळाली. पण सम्राट मेइजी हॉस्पिटल बघायला येणार होते, तेव्हा बाई आहे म्हणून त्यांनी स्वागतासाठी उभं राहायचं नाही असं ठरलं. ओकामींनी राजीनामा दिला.

पुढं काय? घरातच दवाखाना काढला. बायकांचे आजार आणि क्षय यांचे पेशंट बघायला लागल्या. हो, तोच क्षय, ज्यानं कॉलेजातली मैत्रीण नेली. नंतर त्या एका मुलींच्या शाळेत उपमुख्याध्यापिका झाल्या. १८९७ मध्ये मैत्रिणीबरोबर बायकांसाठी छोटं हॉस्पिटल आणि नर्सिंगचे वर्ग सुरू केले. पेशंट कमी यायचे, नऊ वर्षांनी ते बंद करावं लागलं. मग स्वतःच्या आजारपणामुळं निवृत्ती. १९४१ मध्ये त्या गेल्या.

नोकरी, राजीनामा, घरचा दवाखाना, शाळा, हॉस्पिटल, तेही बंद. आपल्या सीव्हीत असं काही असलं तर आपण ते लपवतो. ‘गॅप का आहे?’ हा प्रश्न इंटरव्ह्यूत येऊ नये म्हणून देवाला हात जोडतो. ओकामींचं मात्र सगळं आयुष्य अशाच वळणांचं होतं आणि तरी ते डॉक्टरचंच आयुष्य होतं.

‘कॉन्टॅक्टच राहिला नाही गं’

प्रत्येक बॅचमध्ये एक नाव असतं, जिचा नंबर कुणाकडंच नसतो. साबात इस्लामबुलींचं तसंच झालं. डिग्री घेऊन त्या दमास्कसला परत गेल्या. १९१९ च्या सुमारास त्या कैरोत असल्याचं कॉलेजच्या नोंदींत दिसतं. कॉलेजचा आणि त्यांचा संपर्क मात्र सुटला होता. जगभर फिरणाऱ्या फोटोतली ही बाई, पण तिनं किती पेशंट बघितले, तिच्या घरी कोण होतं, हे तिच्याच तोंडून ऐकायला कुणी उरलं नाही. म्हणून म्हणते, सिनियर लोकांना फोन करा. आत्ताच करा.

आणि एक नाव अगदी जवळचं, पण आपल्याला क्वचितच माहीत असलेलं. डॉ. गुरुबाई करमरकर. आनंदीबाईंनंतर सहा वर्षांनी, १८९२ मध्ये, त्या याच फिलाडेल्फियाच्या कॉलेजातून पास झाल्या. नवरा धर्मशास्त्र शिकत होता, त्या वैद्यकी. परत येऊन मुंबईत अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी २३ वर्षं काम केलं. पेशंट कोण? ज्यांना दुसरीकडं दारात उभं करत नव्हते, ते. याच मिशनचं एक ठाणं आपल्या शिरूरला, म्हणजे तेव्हाच्या घोडनदीला होतं. सिनेमा ना कादंबरी, पण जे काम आनंदीबाईंचं राहून गेलं, ते त्यांच्याच कॉलेजातल्या दुसऱ्या मराठी बाईनं दोन तपं केलं.

ग्रुपमध्ये नसलेली मैत्रीण

आता केडगावला या. शिरूरहून न्हावरा, पुढं पारगावला भीमा ओलांडली की केडगाव. दौंडहून निघालात तर पुण्याच्या गाडीनं पाटसच्या पुढं. इथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. आपण रोज त्यावरून जातो. पण या गेट-टुगेदरशी त्याचं काय नातं?

रमाबाईंना डॉक्टर व्हायचं होतं! १८८२ मध्ये पुण्यात हंटर आयोगापुढं साक्ष देताना त्यांनी ठणकावून सांगितलं की बायकांना बायका डॉक्टर हव्यात आणि त्यासाठी मुलींना मेडिकलला प्रवेश द्या. १८८३ मध्ये, म्हणजे आनंदीबाई निघाल्या त्याच वर्षी, रमाबाई लहान लेकीला, मनोरमाला घेऊन इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकी शिकायला. पण त्यांना ऐकू कमी यायचं. मेडिकलचं दार तिथंच बंद झालं.

आनंदीबाई त्यांच्या लांबच्या नात्यातल्या. ११ मार्च १८८६ च्या पदवीदान समारंभाला रमाबाई मनोरमाला घेऊन इंग्लंडहून अमेरिकेला आल्या. विचार करा, जी डिग्री स्वतःला हवी होती, ती दुसरीला मिळताना टाळ्या वाजवायला समुद्र ओलांडून जायचं. आपल्यातल्या कितीजणांनी नीटचा निकाल लागल्यावर मैत्रिणीच्या घरी पेढे खायला जायचं टाळलंय?

रमाबाई पुढं अमेरिकेत राहिल्या, पुस्तक लिहिलं, भाषणं दिली, पैसा उभा केला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन ही शाळा उघडली. तारीख पुन्हा वाचा. आनंदीबाईंच्या पदवीला त्या दिवशी बरोबर तीन वर्षं झाली होती. पहिल्याच विद्यार्थिनींत एक विधवा मुलगी होती, गोदूबाई. पुढं त्यांनी महर्षी कर्व्यांशी पुनर्विवाह केला, त्या बाया कर्वे. त्यांचा मुलगा शंकर डॉक्टर झाला आणि आफ्रिकेत प्रॅक्टिसला गेला. म्हणजे डॉक्टर होऊ न शकलेल्या बाईच्या शाळेतल्या मुलीच्या घरात डॉक्टर झाला!

शारदा सदन पुण्याला आलं, धर्मांतराच्या मुद्द्यावरून तिथं वाद पेटले, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. मग १८९६-९७ चा दुष्काळ आणि पुण्यातला प्लेग. रमाबाईंनी दुष्काळी भागातून मुली आणल्या, केडगावच्या माळावर आसरा उभा केला आणि १८९८ मध्ये मुक्ती सदन सुरू झालं. १९०० च्या आसपास तिथं सुमारे दीड हजार मुली-बायका राहत होत्या. शाळा, शेती, विणकाम, छापखाना, सगळं त्याच चालवायच्या. मनोरमाही शिकून आईबरोबर याच कामात पडली, पण १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावातच गेल्या. काम अजून चालू आहे.

नीटमध्ये थोडक्यात हुकलेल्या प्रत्येकानं हा भाग दोनदा वाचावा. अॅडमिशन मिळाली नाही म्हणजे ज्या माणसांसाठी डॉक्टर व्हायचं होतं, ती माणसं संपली असं होत नाही.

आता आपल्याकडं

‘ते दिवस गेले, आता मुलींना सगळं खुलं आहे,’ असं कुणीतरी म्हणेलच. खरंय. १८७८ मध्ये सुरू झालेलं पुण्याचं बी. जे. आहे, २०१९ पासून बारामतीतही सरकारी मेडिकल कॉलेज आहे. दौंड-शिरूरच्या मुलीला आता बोटीत बसावं लागत नाही, एसटी किंवा गाडी पुरते.

पण माझ्या इंटर्न मैत्रिणींना मी या लेखासाठी तेच जुने प्रश्न विचारले. एकीच्या घरी पीजीच्या तयारीबरोबर स्थळांची यादीही तयार आहे. दुसरीला सरकारी सेवेच्या बॉन्डमध्ये गावाकडं पोस्टिंग हवंय, पण रात्री एकटीनं राहायची सोय काय असेल, ही काळजी तिच्यापेक्षा तिच्या आईला जास्त आहे. दोघींनाही ‘फी किती, पॅकेज किती’ हे शेकडो वेळा विचारलं गेलंय. ‘तू जेवतेस का वेळेवर? झोपतेस का?’ हे विचारणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

आणि परदेशातल्या थंडीत, अभ्यासाच्या ओझ्याखाली आनंदीबाईंची तब्येत ढासळतच गेली ना! डॉक्टर होणाऱ्याच्याही जिवाला जपायचं असतं, हे आपण १४० वर्षांत तरी शिकलोय का?

तेव्हा पुढचं गेट-टुगेदर कराल, तेव्हा प्रश्न जरा बदला.

चौकट : मेडिकलवाल्या सिनियरला हे विचारा

• डिग्रीच्या काळात घरातलं कोण तुझ्यासाठी सगळ्यात जास्त झिजलं? त्यांचं आता कसं चाललंय?

• नाइट ड्युटी असते तेव्हा मूल कोण सांभाळतं? (हा प्रश्न डॉक्टर झालेल्या मुलांनाही विचारायचा!)

• एखादी नोकरी किंवा शाखा सोडलीस का? का सोडलीस?

• तुझ्या बॅचमध्ये कुणाचा संपर्क सुटलाय? तिचा नंबर शोधूया का?

• तू स्वतः शेवटचं चेकअप कधी केलंस?

आणि हो, मेडिकल हुकलेल्या मैत्रिणीला गेट-टुगेदरला पहिला फोन करा. केडगावला मुक्ती मिशन उभं करणारी बाई तिच्यासारखीच होती.